एकट्या गोल्फरला टी-टाइम मिळत नाही: मुंबईत चौथी सीट कशी मागायची

शुक्रवारी दुपारी गोल्फ कोर्सला फोन लावायचा, टी-टाइमसाठी, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेसाठी. "उद्या सकाळचा टी-टाइम मिळेल का?" पलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती जण?" आपण म्हणायचं, "एकटाच." मग थोडी शांतता, आणि "बघतो, कळवतो." तो फोन परत येत नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

तीन वर्षं मी दर आठवड्याला ही अडचण नव्याने सोडवत होतो. कधी सुटायची, कधी रविवार घरी जायचा. गेली दोन वर्षं ती क्वचितच येते. मधल्या काळात माझा खेळ फारसा सुधारला नाही, ओळखीही मोठ्या झाल्या नाहीत. बदललं ते मागायचं आणि थांबायचं तंत्र. मुंबईत एकट्याने गोल्फ खेळू पाहणाऱ्या कुणालाही ते जमेल, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी परिस्थिती आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. मी कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये राहतो, बँकेत नोकरी करतो, कुठल्याही क्लबचा सभासद नाही. आमच्या घराण्यात, सोसायटीत किंवा शाखेत गोल्फ खेळणारं दुसरं कुणी नाही. शनिवार फक्त दुसरा आणि चौथा सुट्टीचा. त्यामुळे "दर शनिवारी आमच्याबरोबर या" असं कुणी म्हटलं तरी मला जमत नाही, आणि नेमकं तिथेच गाडं अडायचं.

एकट्याला नको का म्हणतात

राग येण्याआधी हिशेब समजून घ्या. समजा दर दहा मिनिटांनी एक स्लॉट आहे आणि सकाळी सहा ते आठ ही सगळ्यांना हवी असलेली वेळ आहे. म्हणजे बारा स्लॉट, चार-चार जणांप्रमाणे ४८ खेळाडू. यातले तीन स्लॉट एकेकट्याला दिले, तर नऊ जण घरी बसतात आणि कोर्सची नऊ जणांची ग्रीन फी (खेळण्याचं शुल्क) बुडते. त्यात एकटा माणूस भराभर चालतो, पुढच्या फोरबॉलच्या (चौघांच्या गटाच्या) मागे जाऊन अडकतो आणि प्रत्येक टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, वाट बघत उभा राहतो. स्टार्टरला (खेळाडूंना वेळा देऊन क्रमाने सोडणाऱ्याला) दोन्हीकडून कटकट. तो तुम्हाला टाळतो त्यात तुमचा अपमान करण्याचा हेतू नसतो, त्याचं गणित बसत नाही एवढंच.

जुन्या काळी तर हे गणित नियमपुस्तकातच होतं. शिष्टाचाराच्या भागात असं लिहिलेलं असायचं की एकट्या खेळाडूला कोर्सवर काहीच हक्क नाही, त्याने इतर कुठल्याही सामन्याला वाट द्यावी. २००४ च्या आवृत्तीत ते बदललं. कोर्सवर कुणाला प्राधान्य हे गटाच्या वेगावरून ठरेल असं म्हटलं गेलं, आणि एकटा खेळाडूही गटच धरला गेला. तरी जुन्या मंडळींच्या अंगात पहिलीच सवय मुरलेली आहे. कुणी "सिंगलला राइट नसतो" म्हणालं तर वाद घालू नका. तो माणूस खोटं बोलत नाही, त्याची माहिती जुनी आहे.

मुंबईची म्हणून वेगळी अडचणही आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, अठरा होलचा; ताडदेवचा विलिंग्डन; कुलाब्याच्या टोकाला सैन्यदलांचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब. तिन्ही ठिकाणी सभासद असावं लागतं, नाहीतर सभासदाचा पाहुणा म्हणून जावं लागतं. सभासद नसलेल्याने पैसे भरून खेळावं असा जवळचा कोर्स म्हणजे सिडकोचा खारघर व्हॅली, पांडवकड्याच्या डोंगराखाली. म्हणजे अख्ख्या महामुंबईतले बिनसभासद शनिवार-रविवारी एकाच दरवाजाशी येतात. पुण्याला बावधनचा ऑक्सफर्ड आहे, पण शनिवारी सकाळी घाटात गाड्यांची रांग लागली की टी-टाइम घाटातच निघून जातो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेही रविवारी पहाटे साडेचारला निघायची तयारी असेल तर जा.

मागणी बदला

मी तीन वर्षं "मला एक टी-टाइम द्या" असं मागत होतो. म्हणजे स्टार्टरकडे मी चार जणांची जागा मागत होतो आणि एकाचे पैसे देत होतो.

लोकलमध्ये आपण असं करतो का? तीन जणांच्या बाकाशी जाऊन "हा बाक मला रिकामा करून द्या" म्हणत नाही. "जरा सरकता का?" म्हणतो, आणि चौथी सीट मिळते. तिथे कुणी तुमचं नाव-गाव विचारत नाही. गोल्फमध्येही तेच मागायचं असतं. फोरबॉल नावाला चौघांचा, पण एखाद्याचा मुलगा तापाने फणफणतो, एखाद्याला दुबईला जावं लागतं, आणि तिघेच उरतात. दर शनिवार-रविवारी असे काही तिघे असतातच. तुम्हाला हवी ती त्यांची रिकामी जागा.

आता माझा फोन असा असतो: "नमस्कार, मी एकटा आहे. उद्या सहा ते आठमध्ये कुठे तिघेच असतील तर मला त्यांच्यात लावा. अर्ध्या तासाच्या निरोपावर तयार असेन, वेळ कुठलीही चालेल." या वाक्यातल्या तीन गोष्टी स्टार्टरचं काम हलकं करतात. त्याला नवीन स्लॉट शोधावा लागत नाही. त्याचा अर्धवट भरलेला स्लॉट पूर्ण होतो. आणि आयत्या वेळी कुणी गळलं तर त्याच्याकडे हाताशी माणूस असतो.

हे फक्त बोलून भागत नाही. आयत्या वेळचा माणूस व्हायचं तर तिथे असावं लागतं. मी रविवारी पहाटेची पनवेल लोकल पकडून पाऊण तासात खारघरला उतरतो, बॅग सामानाच्या डब्यात. त्या दिशेला, त्या वेळेला गर्दी नसते. पोचलो की स्टार्टरच्या टेबलाशी जाऊन तोंड दाखवायचं, कुठे बसलोय ते सांगायचं आणि पटिंग ग्रीनवर (सरावाच्या हिरवळीवर) जायचं. टेबलाशी घोटाळत राहायचं नाही. एखाद्या वेळी दोन तास थांबूनही नंबर लागत नाही. त्या दिवशी चेहरा न पाडता "पुढच्या रविवारी येतो" म्हणून निघायचं. माझ्या अनुभवात अशा दिवसानंतरचा रविवार हमखास मिळाला आहे.

वेळ चुकते आहे का ते बघा

याकडे फार कमी जण लक्ष देतात. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास. हवा सर्वांत चांगली डिसेंबर-जानेवारीत, खेळायला गर्दीही तेव्हाच, आणि उजेड मात्र तेव्हाच सर्वांत कमी. वरच्या हिशेबातले बारा स्लॉट हिवाळ्यात सहा-सातवर येतात. म्हणजे डिसेंबरात तुम्हाला नकार मिळत असेल तर त्यात तुमचा दोष नाही, सूर्याचा आहे.

त्यावर दोन वाटा आहेत. एक, दुपारची. डिसेंबरात साडेसहाला अंधारून येतं, म्हणून अठरा होल पूर्ण करायचे तर दीडच्या आत सुरुवात करावी लागते. पण नऊच होल खेळायचे तर साडेतीनला निघालात तरी चालतं. ही नऊ होलची संध्याकाळ एकट्यासाठी फार चांगली. कोर्स ओसरलेला असतो, ऊन उतरतीला लागलेलं असतं. दुसरी वाट एप्रिल-मे. उकाड्याने पुष्कळ जण खेळणं सोडतात, त्यांच्या चौकड्या तिघांवर किंवा दोघांवर येतात. माझी बहुतेक कायमची ओळख मे महिन्यात झाली, ऐन घामाच्या दिवसांत. टोपी, मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणि सकाळी दहाच्या आत बॅग बंद, एवढं पाळलं की निभतं.

आणि अगदी पहिला स्लॉट. काही ठिकाणी स्टार्टर एकट्याला सगळ्यांच्या आधी सोडतो, कारण तो मागच्यांना अडवत नाही. हे नेहमी विचारून ठेवा. पावसाळ्याबद्दल एकच: निघण्याआधी कोर्स उघडा आहे का हे फोन करून विचारा, रात्री मोठा पाऊस झाला असेल तर दोनदा विचारा.

कॅडी आणि रेंज

कुणाच्या गटात कोण येणार नाही हे सर्वांत आधी कॅडीला, म्हणजे बॅग उचलून सोबत चालणाऱ्याला, कळतं. साहेब त्यालाच आदल्या संध्याकाळी सांगतात, "उद्या तिघेच आहोत." म्हणून दर वेळी नवा कॅडी न घेता एका-दोघांशी नातं धरून राहा. माझ्या नेहमीच्या कॅडीला मी गुरुवारी फोन करतो, "दादा, या रविवारी कुणाचा चौथा कमी आहे का?" बऱ्याचदा त्याच्याकडे उत्तर तयार असतं. ठरलेले पैसे वेळेवर आणि पूर्ण द्या; बऱ्याच ठिकाणी कॅडीची कमाई फेरीमागे असते, फेरी हुकली की तो दिवस कोरडा. पण रांग मोडून पुढे घुसवण्यासाठी कुणाला पैसे सरकवू नका. एकदा ती सवय लागली की पुढच्या एकट्यालाही तेवढेच द्यावे लागतात, आणि ज्याच्याकडे नाहीत तो खेळणंच सोडतो.

ड्रायव्हिंग रेंजवरही (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) ओळखी होतात, पण फक्त चेंडू मारत राहिलात तर होत नाहीत. आठवड्याचा एकच दिवस आणि एकच वेळ धरा. तीन-चार आठवड्यांत आजूबाजूचे चेहरे तेच दिसू लागतात. मग चेंडूंची बकेट संपल्यावर चहाला विचारायचं. कोचकडे शिकत असाल तर त्यालाच सांगा की तुमच्या पातळीचा कुणी जोडीदार शोधत असेल तर नंबर द्या. कोचला कोण कुठल्या पातळीचा हे नेमकं माहीत असतं, तुमच्या-आमच्या अंदाजापेक्षा त्याची जोडी जास्त जुळते.

माझी मावसबहीण नवी मुंबईतच खेळते. अनोळखी तीन पुरुषांत जायला तिला सुरुवातीला नको वाटायचं. तिने स्टार्टरला सरळ सांगितलं, "एखादं जोडपं किंवा बायकांचा ग्रुप असेल तर मला त्यात घाला, एक तास थांबायची तयारी आहे." स्टार्टरला हे आधी माहीत असलं की तो करतो.

ठरतं, पण आदल्या रात्री फिसकटतं

दोनशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. "रविवारी कोण येतंय?" विचारलं की नऊ अंगठे येतात. शनिवारी रात्री दहाला एक म्हणतो पाहुणे आले, दुसरा फोन उचलत नाही. तुम्ही चौघांचा स्लॉट घेऊन ठेवलेला, उरता पुन्हा एकटे, आणि आता स्टार्टरच्या नजरेत तुमची पत गेलेली. माझ्या बाबतीत हे एकाच हिवाळ्यात पाचदा घडलं. त्यातल्या एका वेळी चौघांची भरलेली रक्कम परत मिळाली नाही आणि उरलेल्या तिघांकडे मागायला मला संकोच वाटला. ती चूक मी पुन्हा केली नाही.

आता मोठ्या ग्रुपात विचारत नाही. सात-आठ जणांची यादी आहे, ज्यांना ज्यांना मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय त्यांचीच. बुधवारी एकेकाला वेगळा निरोप जातो: दिवस, वेळ, कोर्स, माणशी किती. गुरुवारी रात्री नऊपर्यंत ज्याचे पैसे आले तो पक्का, बाकीच्यांवर राग नाही. तिघे झाले तर चौथी जागा मी मुद्दाम भरत नाही, स्टार्टरला सांगतो की कुणी एकटा आला तर आमच्यात द्या. दोघेच झालो तरी फोन तोच: "दोघे आहोत, दोघांत मिळवा."

गाडी असेल तर तिचा वापर करा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून शिवडी-परळकडच्या लोकांना खारघर फार जवळ आलंय, पण एकट्याने टोल आणि पेट्रोल भरायचं जिवावर येतं. "माझ्या डिकीत अजून एक बॅग मावते, साडेपाचला परळ नाक्यावरून उचलतो" हा निरोप "खेळायला येतोस का?" या निरोपापेक्षा कितीतरी जास्त चालतो. पहाटे कुणीतरी आपल्यासाठी गाडी घेऊन उभं आहे हे माहीत असलं की माणूस अंथरुणातून उठतो.

एकदा खेळलो, परत बोलावलं नाही

अडचण वारंवार येण्याचं खरं कारण माझ्या मते इथे आहे. चौथी सीट एकदा मिळवणं सोपं आहे. तिघांनी तुमचा नंबर मागून घेतला तर पुढच्या आठवड्याचा प्रश्नच उरत नाही. आणि तो नंबर तुमच्या हँडिकॅपवर (खेळाच्या पातळीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीवर) मागितला जात नाही. एका फेरीला शंभरच्या वर फटके लागणाऱ्या माणसाला लोकांनी आनंदाने पुन्हा बोलावलेलं मी पाहिलंय, आणि सत्तर-पंचाहत्तर फटक्यांत फेरी संपवणाऱ्या पट्टीच्या खेळाडूला टाळलेलंही.

वेग ही पहिली गोष्ट. २०१९ पासूनच्या नियमांत चेंडू शोधायला तीन मिनिटं आहेत, आधी पाच होती. स्ट्रोक चाळीस सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. जो तयार आहे त्याने आधी मारावं, लांब कोण याची वाट बघू नये, यालाही नियमांचंच प्रोत्साहन आहे. झेंडा होलमध्ये ठेवून पट केलं (ग्रीनवरून होलकडे हलका फटका मारला) तरी चालतं. नवख्याने यातलं एवढं जरी पाळलं तरी त्याच्यामुळे कुणी खोळंबत नाही. चेंडू झाडीत गेला असं वाटलं की लगेच सांगून प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा चेंडू, मारा. तिथवर चालत जाऊन परत येणारा माणूस लोकांना वर्षभर लक्षात राहतो.

अनोळखी लोकांत खेळताना शक्य असेल तर स्टेबलफोर्ड ही गुणांची पद्धत सुचवा. पारला (होलसाठी ठरलेले फटके) दोन गुण, बोगीला (एक फटका जास्त) एक, बर्डीला (एक फटका कमी) तीन. हे तुमच्या हँडिकॅपचे स्ट्रोक वजा करून धरतात. तुमचं होल बिघडलं आणि गुण मिळणार नाही हे दिसलं की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. एका होलवर अकरा स्ट्रोक मारत तिघांना उभं ठेवण्याची वेळच येत नाही, आणि पुढच्या होलला तुम्ही पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीने उभे असता.

पैज लावणारे गट पुष्कळ असतात. पहिल्या टीवरच विचारून घ्या, किती आणि कशावर. झेपत नसेल तर तेव्हाच "मी पैजेत नाही, नुसता खेळतो" असं स्पष्ट सांगा. त्याने कुणी नाराज होत नाही. सोळाव्या होलवर कळलं तर होतात. न विचारता कुणाच्या स्विंगला सल्ला देऊ नका. आणि फोन. बँकेचा फोन माझाही वाजतो, पण नऊ होल झाल्यावर चहाच्या वेळी मी परत करतो.

पिच मार्क, म्हणजे चेंडू पडून ग्रीनवर झालेला खड्डा, स्वतःचा दुरुस्त करा, शेजारचा दिसला तर तोही. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) रेक फिरवा. एका निवृत्त काकांनी मला पहिल्याच दिवशी पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं होतं. नंतर कधीतरी त्यांनी कारण सांगितलं, "तू दुसऱ्या कुणीतरी पाडलेला खड्डा बुजवलास, तेव्हाच मी ठरवलं." त्यांच्या चौकडीतल्या एकाचे गुडघे गेले आणि ती जागा माझी झाली. महिन्यातले दोन रविवार माझे तिथेच जातात.

एकट्याने खेळलेला स्कोअर धरला जात नाही

शेवटची तक्रार हँडिकॅपची. अनेक एकटे खेळाडू वर्षभर इमानदारीने स्कोअर लिहितात आणि मग कळतं की तो चालत नाही. जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत सोबत किमान एक माणूस असावा लागतो, तो तुमचा मार्करही (स्कोअर लिहून सही करणाराही) असू शकतो. पहिला हँडिकॅप इंडेक्स (हँडिकॅपचा अधिकृत आकडा) मिळायला एकूण ५४ होलचे स्कोअर लागतात, अठरा-अठराच्या तीन फेऱ्या किंवा नऊ-नऊच्या सहा. कमाल इंडेक्स ५४ आहे, त्यामुळे "मी अजून हँडिकॅप घेण्याइतका चांगला खेळत नाही" ही भीती सोडा. पुढे शेवटच्या वीस स्कोअरमधले उत्तम आठ धरले जातात.

म्हणून चौथी सीट मिळाली त्या दिवशी कार्ड वाया घालवू नका. पहिल्या टीवरच तिघांपैकी एकाला विचारा, "दादा, माझं कार्ड मार्क कराल का? मी तुमचं करतो." फेरी संपल्यावर दोघांनी आकडे जुळवून सह्या करायच्या. असे तीन रविवार झाले की इंडेक्स हातात येतो, आणि तो आल्यावर मासिक स्पर्धांमध्ये नाव देता येतं. तिथे गट आयोजकच पाडतात आणि सोबत कोण आहे असं कुणी विचारत नाही. माझी पहिली स्पर्धा अशीच झाली. टीवर उभ्या असलेल्या तिघांपैकी एकालाही मी ओळखत नव्हतो. परतताना त्यातल्या एकाच्या गाडीच्या डिकीत माझी बॅग होती, आणि त्याने मला चेंबूर नाक्यावर सोडलं.